पाण्याची गोळी

बोईसर
४ डिसेंबर २०२४

दादा,

नमस्कार. वैनीलाही सांग.

परवा फोन केला होता, नीलेशने उचलला. पण तुझ्याशी बोलायचं म्हणजे स्पीकर लावायचा, आणि स्पीकर लावला की तुझं घर आणि शेजारची दोन घरं ऐकतात. बोटीच्या इंजिनाने तुझे कान नेले, त्याला आता काय करणार. म्हणून नेहमीसारखं पत्रच लिहितेय. नीलेश कंपनीतून सुटला की इथून घेऊन जाईल.

तेजलचा साखरपुडा झाला. तू आला नाहीस. पुढच्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची ठेवली होती, शेवटी वाढप्यांनी तिच्यावर पाण्याचे जग ठेवले. वैनी एकटी आली आणि म्हणाली, त्यांची तब्येत बरी नाही. दुसऱ्या दिवशी नीलेश बोलता बोलता म्हणाला की त्या सकाळी बाबा जेटीवर जाळं शिवत बसले होते. मी काय समजायचं?

लग्न १६ फेब्रुवारीला, रविवारी. सगळं आपल्या पद्धतीने होणार आहे. विपुलचे वडील कामाला म्हणून जौनपूरहून तारापूरला आले, त्याला तीस वर्षं होऊन गेली. मुलगा इथेच जन्मला, इथल्याच शाळेत शिकला. आपल्यासारखंच मराठी बोलतो. त्याच्या घरच्यांनी कशालाच नाही म्हटलं नाही. कन्यादान माझे दीर करतील, पण तेजलला बोहल्यावर आणायचा मान मामाचा. तिचे बाबा गेले त्या दिवशी घरात रडारड चालली होती तेव्हा तिला कडेवर घेऊन तूच बाहेर उभा होतास. तिने दुसऱ्या कुणाचं नाव काढलेलं नाही, काढणारही नाही.

तब्येत खरंच बरी नसेल तर तसं लिही. हार्टचा झटका आला तेव्हाही आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. औषधं घेतोस ना?

हेमा


दातिवरे
११ डिसेंबर २०२४

हेमा,

पत्र मिळालं. तेजलला माझे आशीर्वाद सांग.

औषधं घेतो. सकाळी मूठभर असतात, काशी समोर उभी राहून देते. पंपिंग कमी आहे असं डॉक्टरीणबाई दर खेपेला सांगतात, पण चालतंय. मीठ बंद केलंय. आपल्या घरात बोंबील सुकतात आणि मी दुधीची भाजी अळणी खातो. तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

साखरपुड्याला यायचं होतं. बोंबील सुकवायचे दिवस, वाळवणाच्या वलांड्यांवर एक माणूस कायम लागतो, नाहीतर कावळे आणि कुत्री ठेवत नाहीत. शिवाय इथून सफाळ्याला एसटी, मग गाडी. एसटी वेळेवर नसते. मधे कुठे उतरायची सोय नाही.

लग्नाचा हॉल कुठला घेतलास? केवढा आहे? बोहलं दारापासून किती लांब पडतं? मागच्या बाजूला काय आहे, जायला-यायला वाट आहे का? विधीला एकूण किती वेळ लागेल असं भटजी म्हणाले? एवढं कळव. मग ठरवतो.

तुझा
दादा


बोईसर
१९ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. हॉल केवढा, बोहलं किती लांब, भटजी किती वेळ घेणार. तू असं कधी विचारत नव्हतास. हॉल साधा आहे. रेल्वे फाटकाच्या अलीकडे, खाली जेवण आणि वर लग्न. तुला कमीपणा वाटेल इतका वाईट नाही. मागच्या बाजूला भिंत आहे. विधीला दीड-दोन तास.

आता मला विचारायचंय ते विचारते. लाडकी मासे घेऊन इथे बोईसरच्या बाजारात येते, तुला ठाऊक आहे. काल तिच्याकडे सुकट घेत होते. ती म्हणाली, "हेमा, तुझा भाव लग्नाला येयाचा नाय म्हणं." मी विचारलं, कोण म्हणतं? तर म्हणाली, "तोच बोलला. जेटीवर चार माणसं बसली होती. बोलला, भैयाच्या घरी पोरगी देते, त्या मांडवात मी काय तोंड घेऊन उभा ऱ्हाऊ."

शेजारच्या बायका ऐकत होत्या. मी सुकट न घेता घरी आले.

दादा, तू असं बोललास का? हो किंवा नाही एवढंच लिही.

हेमा


दातिवरे
२ जानेवारी २०२५

हेमा,

लाडकीला बोलायची सवय आहे, ते सगळ्या गावाला माहीत आहे. बाजारात बसणाऱ्या माणसाने काय ऐकलं आणि काय सांगितलं, ते धरून भावाबहिणीने भांडायचं का? मी मुलाला पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या माणसाबद्दल मी काय बोलणार.

लग्नाचं म्हणशील तर मला वाटतं नीलेशला उभं करावं. तोही मामाच्याच घरचा. तरणा आहे, दोन तास उभा राहील. माझं आता वय झालं. मी इथूनच अक्षता टाकीन. तू राग मानू नकोस.

थंडी चांगली पडली आहे. काशीचे गुडघे धरलेत, माझेही.

दादा


बोईसर
९ जानेवारी २०२५

दादा,

मी विचारलं होतं, हो की नाही. तू नाही म्हणाला नाहीस. पत्र उलटसुलट करून बघितलं, तो शब्द कुठेच नाही.

तुला लाज वाटते ना माझी? वाटू दे. मला सवय आहे. नवरा गेला तेव्हा मी कंपनीत पॅकिंगला जायला लागले, तेव्हाही गावात तोंडं वाकडी झाली होती. तू तेव्हा गप्प राहिलास. त्या गप्प राहण्याला मी आजवर पाठिंबा समजत आले. आता वाटतं, तेव्हाही लाजच वाटत असेल.

विपुल संध्याकाळी येतो, माझ्या हातची पिशवी घेतो, गॅसचा सिलिंडर वर चढवून देतो. त्याच्यासमोर मी आज मान खाली घालून बसले. तेजलने त्याला सगळं सांगितलं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "उद्या बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे." तो चहा पिऊन गेला.

नीलेशला मी उभं करणार नाही. तुझी जागा रिकामी राहील. भटजींनी विचारलं, मुलीचा मामा कुठे, तर सगळ्या हॉलसमोर मीच सांगेन की त्याला आमची लाज वाटते.

हेमांगी


दातिवरे
२० जानेवारी २०२५

हेमा,

मी येतो. तेजलला मीच बोहल्यावर आणीन आणि शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत उभा राहीन. दोन तास असो नाहीतर चार.

रोज सकाळी पडवीत उभा राहून सवय करतोय. गुडघे दुखतात, त्याला सफाळ्याच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या, चांगला आराम पडतो. बाकी ठीक आहे. झोपताना उशा जरा जास्त लागतात, ते थंडीमुळे.

कुणाला काही सांगू नकोस हॉलमध्ये. मी येतोय.

दादा


पालघर
१३ फेब्रुवारी

हेमाबाय,

मी काशी लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली, चुकलं तर सांभाळून घे. फोनवर तुला एवढंच बोलले की दवाखान्यात ठेवलंय, घाबरू नको. बाकीचं फोनवर बोलता येईना. नीलेश बाजूला होता. पोराच्या म्होरं बापाचं असलं कसं बोलणार.

शनवारी सकाळी तो पडवीत उभा होता. तसाच खाली बसला. श्वास घेता येईना. तोंडातून फेस याला लागला, लाल. रिक्षा करून सफाळ्याला नेला, तिथून अँबुलन्सने हितं आणला. डॉक्टरीणबाय बोलली, छातीत पाणी भरलंय. पाय दाबून बघितलं तर बोट आत जातं आन खड्डा तसाच ऱ्हातो. एवढी सूज आन आमाला दिसली नाय, कारण महिनाभर तो पँट घालून झोपत होता. मी विचारलं तर बोलायचा थंडी हाय.

मग डॉक्टरीणबायने विचारलं, पाण्याची गोळी कधी बंद केली? मी बोलले बंद नाय, मी रोज माझ्या हाताने देते. तिने त्याच्याकडं बघितलं. त्याने मान फिरवली. घेतलेली गोळी तो गालात धरायचा आन मोरीत थुकायचा, हेमाबाय. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून.

का, ते तुला सांगते. तो तुला मरेपर्यंत सांगायचा नाय.

ती गोळी घेतली की तासा-दोन तासांत लघवीला लागते, आन लागली की थांबता येत नाय. गणपती झाल्यावर मच्छीमार सोसायटीची सभा होती. तो चेअरमन, म्होरं खुर्चीवर. सभा लांबली. बाया डिझेलच्या परताव्याचं बोलत होत्या, त्यांना मधी तोडून उठायचं त्याला बरं वाटेना. शेवटी उठला तेव्हा पांढरी पँट खालपर्यंत भिजलेली. खुर्चीखाली ओघळ. पोरं हसली. पुंजाराम बोलला, "काय नाखवा, भरती आली काय?" आख्खी सभा हसली. मी बायांच्यात बसले होते. मी उठून त्याच्यापाशी गेले नाय. ते मला अजून खातं.

त्या दिवसापासून तो लग्नाला नाय, बारशाला नाय, सोसायटीत नाय. जेटीवर जायाचा, कारण तिथं बोटीमागं जाता येतं. तुझ्या हॉलची मागची वाट त्याने तेवढ्यासाठीच विचारली होती. तुझं शेवटचं पत्र वाचलं आन त्याने ठरवलं, गोळीच घ्यायची नाय, म्हणजे दोन तास उभं ऱ्हाता येईल. गुडघ्यासाठी त्या दुसऱ्या गोळ्या खाल्ल्या. पाणीही पीत नव्हता.

डॉक्टरीणबायने मला कागदावर चित्र काढून सांगितलं. हार्ट रगत ढकलायला कमी पडतं, म्हणून किडनीला रगत कमी पोचतं. किडनीला वाटतं, अंगातलं पाणीच कमी झालं. म्हणून ती पाणी आन मीठ धरून ठेवते, सोडत नाय. ते पाणी चढतं हार्टवर. हार्ट आणखी थकतं, किडनीला आणखी कमी पोचतं. एकाचं दुखणं दुसऱ्याला, दुसऱ्याचं परत पयल्याला. पाण्याची गोळी ते फिरणं थांबवत होती, ती याने थुकली. आन गुडघ्याची गोळी किडनीचीच वैरी निघाली, हार्टवाल्याने ती खायचीच नसते. मी विचारलं, मग आता आधी कोणाला बरं करणार? बोलली, "दोघांना एकदमच करावं लागेल काकू, आणि तेच कठीण आहे. पाणी काढायला जोर लावला तर किडनी दमते, किडनीला जपत बसलं तर छातीतलं पाणी उतरत नाही."

लघवी बंद झाली हाय. नळी घातली, पिशवी लावली, पिशवीत काय नाय. मानेत सुई घालून मशीनवर रगत धुतलं, अजून एकदा धुतील. नर्स येते आन पिशवी बघते, डॉक्टर येते आन पिशवी बघते. मी पण तिच्याकडंच बघत बसते. ज्याची त्याला एवढी लाज वाटली, तेच आता देवाकडं मागते.

जाताना डॉक्टरीणबाय बोलली, "मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं, समारंभ असेल त्या दिवशी गोळी घरी परत आल्यावर घ्या. एवढंच."

लग्न पुढं ढकलू नको. त्याला कळलं की त्याच्यापायी थांबलं, तर तो उठायचा नाय. मी येते.

काशी


बोईसर
२२ फेब्रुवारी २०२५

दादा,

सतराला आम्ही आलो होतो. तेजल, विपुल आणि मी. तुझ्या तोंडावर मास्क होता. आम्हाला बघितलंस आणि भिंतीकडे तोंड केलंस. तुला ऐकू यायचं म्हणजे ओरडून बोलावं लागलं असतं, आणि बाजूला पाच खाटा. मी तशीच उभी राहिले आणि निघाले.

लग्न झालं. भटजींनी विचारलं, मुलीचा मामा? मी तोंड उघडलंच नाही. वैनी उठली. हॉस्पिटलमधून सरळ आली होती, तीच साडी अंगावर. तेजलच्या दंडाला धरलं आणि बोहल्यावर घेऊन गेली. भटजी काहीतरी म्हणणार होते, वैनी म्हणाली, "मामा पडून हाय, मी त्याची बायको. चालवा तुमी." शेवटपर्यंत तेजलच्या मागे उभी होती. तिचेही गुडघे दुखतात हे तूच लिहिलं होतंस.

दादा, तुला कुठल्या तोंडाने लिहू कळत नाही. तू विचारलं होतंस, हॉलच्या मागे काय आहे. मी लिहिलं, भिंत आहे. एक माणूस संडास कुठे आहे एवढंही आपल्या बहिणीला विचारू शकला नाही, आणि बहिणीला वाटलं तो आपला हॉल मोजतोय. मी लिहिलं, तुला माझी लाज वाटते. ते पत्र हातात घेऊन तू गोळी थुंकलीस. किडनी गेली ती माझ्या पत्राने गेली, असंच मी धरून चालते. तेजल म्हणते, तसं नसतं. तिला काय माहीत.

आणि मी लाडकीचं ऐकलं. तुझ्यापेक्षा तिचं खरं मानलं. काल बाजारात तिला गाठलं. सगळ्या कोळणींसमोर म्हणाले, "माझ्या भावाच्या नावावर खोटं रचलंस, तो मरायला टेकलाय, आता तरी खरं बोल." ती म्हणाली, "मी आयकलं तेच बोलले." मी तिला खोटारडी म्हणाले. आणखी बरंच म्हणाले. बाकीच्या बायका माझ्या बाजूने झाल्या. तिने मासे तसेच पाटीत टाकले आणि पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली. आज तिची जागा रिकामी होती.

तेवढं एक तरी मी तुझ्यासाठी केलं. बाकी तुझ्यासाठी काही केलेलं मला आठवत नाही.

लवकर घरी ये.

हेमा


दातिवरे
१८ मार्च २०२५

हेमा,

घरी आलो. तुझं पत्र नीलेशने इतके दिवस जवळ ठेवलं होतं, काल दिलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, त्रास होईल असं काही देऊ नका. काल दिलं, काल वाचलं, आणि आज सकाळी लाडकीच्या घरी जाऊन आलो.

लाडकी खोटं बोलली नव्हती. ती जे म्हणाली, ते मी म्हणालो होतो. शब्दन् शब्द.

कसं झालं ते सांगतो. साखरपुड्याच्या सकाळी जेटीवर जाळं शिवत होतो. पुंजाराम आला, आणखी दोघे-तिघे होते, लाडकी बर्फ भरत होती. पुंजाराम म्हणाला, "नाखवा, भाचीचा साखरपुडा आणि तू इथे?" त्याने ते विचारलं आणि हसला. सभेत हसला होता तसा. मला वाटलं, याला कळलं मी का जात नाही. आता हा सगळ्यांसमोर बोलणार. त्याने बोलायच्या आत मी बोललो. भैयाच्या घरी पोरगी देते, त्या मांडवात काय तोंड घेऊन उभा राहू.

आणि हेमा, सगळ्यांनी माना हलवल्या. पुंजारामसुद्धा गंभीर झाला. म्हणाला, बरोबर आहे. सभेपासून पहिल्यांदा माणसं माझ्याकडे पूर्वीसारखं बघत होती. एक मुतणारा म्हातारा होतो, तो परत नाखवा झालो. बरं वाटलं मला. ते बरं वाटणं आता आठवलं की जेवण जात नाही.

तू विचारलंस हो की नाही, तेव्हा मी लाडकीची सवय सांगितली. पुढे तू माझी माफी मागितलीस आणि तिला बाजारातून उठवलंस. तुझं पत्र माझ्या किडनीला लागलं नाही. तू जे लिहिलं होतंस ते अर्ध्याच्या वर खरं होतं, म्हणून मला ते सोसलं नाही. पाहिलेला नसताना मी त्या मुलाला कमी लेखलं होतं. नुसतं तोंडाने नाही. माझी लाज झाकायला हातात जे आलं ते ओढलं, आणि ते हाताशीच होतं म्हणून आलं.

लाडकीच्या दारात चार-पाच बायका कोलीम-जवळा निवडत बसल्या होत्या. काशी सोबत होती, तिने मला ओट्यावर बसवलं. दम लागला होता. लाडकीने माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हणालो, "लाडके, तू ऐकलं होतंस ते मी बोललो होतो. हेमाने तुला खोटारडी म्हटलं ते माझ्यामुळे." मग म्हणालो, "मी साखरपुड्याला गेलो नाही कारण मला लघवी थांबत नाही. चारचौघांत पुन्हा तसं होईल म्हणून गेलो नाही. मुलगा भैया म्हणून नाही." दोघी बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक उठून आत गेली. लाडकी म्हणाली, "नाखवा, माझी बाजारातली जागा गेली. तिथं आता दुसरी बसते. ती देशील काय मला?" तू बाजारात जा, हेमा. त्याच बायकांसमोर जा आणि सांग की तुझा भाऊ खोटा होता. मला फलाटाचा जिना चढायची परवानगी नाही, नाहीतर मीच आलो असतो.

तब्येतीचं असं आहे. घरी आल्यापासून मशीनवर जावं लागलं नाही. किडनी थोडी परतली, सगळी परतणार नाही. हार्ट आहे तेवढंच. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासून गोळी कमी-जास्त करतात. पाणी मोजून मिळतं. पाण्याची गोळी चालूच आहे, जन्मभर राहील. ती घेतो, आणि पहिले दोन तास घराबाहेर पडत नाही.

आता शेवटचं. हे विपुलने तुला सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगतो.

तुम्ही येऊन गेल्यावर आठवड्याने तो एकटा आला होता. कंपनीची पहिली पाळी संपवून, दुपारचा. नीलेश खाली औषधं आणायला गेला होता. मास्क निघाला होता. मी त्याला ओळखलं आणि पहिलं काय केलं असेल तर चादर ओढून खाटेच्या कडेला लटकणारी पिशवी झाकली. सकाळपासून लघवी यायला लागली होती, चांगली येत होती. नर्स दुसऱ्या पेशंटकडे अडकली होती. नळी ताणली जात होती आणि मी पायाने ती दाबून धरली होती, त्याला दिसू नये म्हणून.

त्याला दिसलं. त्याने चादर बाजूला केली, माझा पाय नळीवरून उचलून ठेवला. खाटेखालचं मापाचं भांडं काढलं, पिशवीचा नळ सोडला. मी नको नको म्हणत होतो, त्याने ऐकलं नाही. भांडं भरलं तेव्हा उजेडात धरून आकडा वाचला आणि नर्सला मोठ्याने सांगितला, तिने तिथूनच लिहून घेतला. मग संडासात ओतून आला, हात धुतले, आणि स्टूल ओढून माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला बसला. कुठला कान चांगला ते त्याला कुणी सांगितलं, मला माहीत नाही.

मी त्याला म्हणालो, "माझ्याबद्दल बाजारात काय बोललं गेलं, ते तुझ्या कानावर आलं असेल."

"आलं होतं."

"ते खरं आहे. मी तसं बोललो होतो."

तो म्हणाला, "हं."

तो उठून जाईल असं वाटलं, गेला असता तर बरं झालं असतं. तो बसूनच होता. शेवटी मीच विचारलं, "मग हे का केलंस?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला प्रश्नच कळला नव्हता बहुतेक.

म्हणाला, "पिशवी भरली होती, मामा."

दादा